माघातला चारा आणि काल्याचा प्रसाद

मु. पो. पूर्वीचंच, ता. कोपरगाव,
जि. अहमदनगर.
माघ वद्य पंचमी, सन १९७१

तीर्थस्वरूप बन्सीदादा यांच्या चरणी धाकटी बहीण विजयमाला हिचा वाकून नमस्कार. (वाकून लिहिलंय खरं, पण कंबर धरली आहे. तेव्हा मनानंच वाकले असं समजावं.) पत्र लिहिण्यास कारण की, मला राग आलेला आहे. तो कुणाचा, कशापायी आणि त्यात तुमचा वाटा किती, ते पुढं येईलच. आधी रीतीनं विचारते. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचं पित्त? नगरला थंडी सरली का? इकडं नदीकाठ असल्यानं पहाटे अजून हुडहुडी भरते आणि दुपारी ऊन लागतं. कारखान्याचा हंगाम चालू आहे, त्यामुळं रस्त्यानं उसाच्या गाड्या आणि अंगणात चिपाडं. चांगुणाला सातवा सरला, फाल्गुनात बाळंतपणाला इकडं माहेरी येईल. गाय व्याली, कालवड झाली. म्हणजे ठीक आहे ते सगळं सांगून झालं. आता ठीक नाही त्याच्याकडं वळते.

दादा, त्या साली नगरच्या कॅम्पात कुण्या साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला आणि तुम्ही त्यात मासे धरायची काठी घेतलीत. का घेतलीत ते तुमचं तुम्हाला ठाऊक. वहिनींनी ती उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही (शहाणी बाई), म्हणून तुम्ही ती दोऱ्या-गळांसकट आमच्या दारात आणून टेकवलीत. वर म्हणालात की दाजी, तुमच्याकडं नदी आहे. घरचं झालं थोडं आणि भावानं धाडली काठी! अहो, नदी आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या आहे. आम्ही तिच्यात धुणी धुतो, म्हशी बसवतो, माणसांची दहावी घालतो. पण माळकऱ्याच्या घरात मासे धरायची काठी कशाला? सासूबाई गेल्या तेव्हापासून तुमच्या दाजींच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. माझ्या तर लग्नाच्या आधीपासून. मला वाटलं होतं काठी कोपऱ्यात पडून राहील आणि मी तिच्यावर कुरडयांचं फडकं वाळत घालीन. कसलं काय!

पहिला रोहू लागला त्या दिवशी हा माणूस लहान पोरासारखा ओरडत घरी आला. मी म्हटलं, आता माळ तुटते. पण नाही. तुमच्या दाजींनी त्यावर स्वतःचा धर्म काढलाय. मासा धरायचा, दोन्ही हातांत घेऊन बघायचा, ‘लई झाक’ म्हणायचं, जिथं गळ रुतला तिथं हळद दाबायची आणि सोडून द्यायचा. (हळदीची पुडी कमरेला असते. घरात भाजीला चिमूट मागितली तर संपली म्हणून सांगतात.) नदीवर जाळी टाकणारे लोक बिचारे काठी बघून आधी घाबरले, मग हळद बघून हसले, आणि आता यांना रामराम घालून लांबून जातात. मरळ मासा यांनी वर्ज्य केलाय. का म्हणाल, तर मरळ दुसरे मासे खाते, मांसाहारी आहे, आपल्याला तिची संगत नको. सांगा, मी हसू का रडू?

आता माळकरी माणूस गळाला गांडूळ लावणार नाही, झिंगा लावणार नाही. जीव लावून जीव धरायचा नाही, म्हणतात. मग राहिलं काय? पीठ. आणि पीठ म्हटलं की माझं स्वैपाकघर. तिथून माझ्या डब्यांना जी साडेसाती लागली ती आजपावेतो सुटलेली नाही. बरं, एक कणकेचा गोळा घेऊन गेले असते तर मी वर पाट मांडून आशीर्वाद दिला असता. पण नाही. माशाला म्हणे प्रत्येक ऋतूत वेगळी चव लागते. (मला लग्न होऊन इतकी वर्षं झाली. मला कुठल्या ऋतूत काय लागतं हे कुणी विचारलेलं नाही.)

पावसाळ्यात पाणी गढूळ असतं, माशाला नाकापुढचं दिसत नाही, तेव्हा त्याला वासानं बोलवायचं असा यांचा सिद्धांत. पहिला विचार लसणाचा झाला. पण आषाढी होऊन चातुर्मास लागला होता, आणि आमच्या घरात चातुर्मासात कांदा-लसूण शिजत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. मी म्हटलं, तुम्ही कुठं खाताय, खाणार मासा. तर म्हणाले, माझ्या हातानं मी कुणाचाच चातुर्मास मोडणार नाही. म्हणून लसणाच्या जागी हिंग. माझा येवल्याहून आणलेला खड्याचा हिंग, वर्षभर पुरायचा, तो श्रावणातच गोदावरीला मिळाला. त्या श्रावणात आमच्या आमटीला वास नव्हता, नदीला होता. आणि एकादशीचं तर विचारूच नका. एकादशीला गळाला कणीक चालत नाही, साबुदाणा लावतात. माशाला उपास आहे हे यांना कुणी येऊन सांगितलं, ते मी अजून शोधते आहे.

आश्विनात पाणी निवळलं की वासाचं काम संपतं आणि चवीचं सुरू होतं. मग गोड. वेलदोडे गेले, जायफळ गेलं. कोजागरीच्या दुधासाठी काडी-काडी जपलेलं केशर होतं. पेले भरले, बघते तर दूध पांढरंफेक. यांच्या बोटांची टोकं तेवढी केशरी. दिवाळीला चकलीची भाजणी भाजत होते तर हे दारात येऊन उभे राहिले, वास घेतला आणि डोळे मिटले. मी लागलीच ओळखलं, डब्याला कुलूप घातलं. (किल्ली माझ्याच कनवटीला. पण डबा पत्र्याचा होता आणि यांच्याकडं पत्र्याची कात्री आहे.) थंडीत म्हणे माशाचं अंग जड होतं, भूक मंदावते, तो तळाशी मुटकुळं करून पडतो. त्याला पचायला हलकं आणि अंगात ऊब आणणारं द्यावं लागतं. सुंठ, ओवा, बडीशेप. दादा, माझी बाळंतपणं झाली तेव्हा या माणसानं ओव्याचा दाणा आणून दिला नव्हता. आता नदीच्या पोटाची काळजी करतोय. उन्हाळ्यातलं तर लिहायलाच नको. शिळी भाकरी ताकात कुस्करून मडकं उन्हात ठेवायचं, ते फसफसलं की तयार. त्या वासानं शेजारची शेळी दावं तोडून गेली ती सांजच्याला सापडली.

हे सगळं मी सोसलं. बायकांनी सोसावंच अशी रीत आहे, आणि मी तर तोंडानं सोसते, त्यामुळं मनात काही राहत नाही. पण पाणी नाकापर्यंत आलं ते यंदा, सप्ताहाच्या तोंडावर.

तुम्हाला माहीत आहे, आमच्या गावच्या माघातल्या सप्ताहाला काल्याच्या कीर्तनानंतर जो चुरमा वाटतात तो आमच्या घरचा. कणीक भाजून, तुपात घोळून, गूळ-वेलदोडा घातलेला. सासूबाईंच्या सासूपासून चालत आलेला मान. सासूबाईंनी जाताना माझ्या हातात ना सोनं दिलं ना शेत. म्हणाल्या, चुरमा सांभाळ. एवढी एकच गोष्ट या घरात माझी म्हणून आहे, दादा. बाकी सगळं यांचं, नाहीतर म्हशीचं. आणि यंदा तो मान जातो की काय असं झालं. झालं काय, की पौषात एक दांडगा रोहू लागला. सोडायच्या आधी मला दाखवावा म्हणून हे घमेल्यात पाणी घालून तो घरी घेऊन आले. (मला दाखवावा वाटला, हे मी मनात धरून ठेवलंय. पण ते वेगळं.) नेमकी त्याच वेळी आमची शेजारीण झुंबरबाई विरजण मागायला आली. तिनं घमेलं बघितलं, मासा बघितला, मासा तिच्याकडं बघत होता. वाटी तिथंच टाकून बाई निघून गेली, आणि दिवस मावळायच्या आत गावभर झालं की माळकऱ्याच्या घरात मासा शिजतो. हे लगोलग घमेलं घेऊन नदीवर गेले, मासा सोडून आले. पण सोडलेला मासा कुणी बघत नाही. आणलेला सगळे बघतात.

देवळातली मंडळी बसली. ज्या घरात मासा येतो त्या घरचा प्रसाद देवाला कसा चालावा? झुंबरबाईनं जवळच बसून पदर सारखा केला आणि म्हणाली, माझी काही इच्छा नाही, पण गावानं सांगितलं तर मी नाही म्हणायची नाही. (इच्छा नाही म्हणणारीनं नवं पातेलं आधीच कल्हई करून आणलं होतं. मी डोळ्यांनी बघितलं.) शेवटी ठरलं की यंदा तयारी झालेली आहे, तेव्हा एवढी एक खेप विजयमालेकडं राहू द्या, पुढच्या सालापासून झुंबरबाई. मी घरी आले, चुलीपुढं बसले आणि रडले. तुमच्या दाजींनी विचारलं, धूर लागला का? मी हो म्हटलं.

मग काल्याचा दिवस उजाडला. मी ठरवलं होतं, जायचाच मान तर असा चुरमा करून जाईल की गाव जन्मभर आठवेल. पहाटेच कणीक भाजली, घरचं तूप रिचवलं, पातेलं भरलं, फडकं बांधून स्वैपाकघरात ठेवलं. नैवेद्य देवळातच दाखवायचा असतो, म्हणून त्यावर तुळस ठेवली नाही. आणि सडा-रांगोळीला देवळात गेले. जाताना यांना बजावलं : आज नदी नाही. हे म्हणाले, बरं. दादा, बरं म्हणताना यांनी माझ्याकडं बघितलं नाही, तिथंच मी समजायला हवं होतं. अख्खं गाव देवळात, नदी मोकळी, डोहात धुणं नाही की म्हशी नाहीत. अशी वेळ हा माणूस सोडतोय होय? यांनी आदल्या दिवशीच पातेलंभर चारा करून ठेवला होता. गळाला लागतो चिमूटभर, पण आधी मासे जमवायला पाण्यात मुठी-मुठीनं फेकायचा असतो. शितं असली की भुतं जमतात, तसं.

आता यांची अजून एक खोड सांगते, कारण सगळा घोटाळा तिच्यातच आहे. हे चारा केला की सरळ नदीवर नेत नाहीत. आधी देव्हाऱ्यापुढं ठेवतात, वर तुळशीचं पान ठेवतात आणि हात जोडतात, की देवा, माशाला फसवतोय, पण पोटासाठी नाही, हौसेसाठी, सांभाळून घे. तसं त्या सकाळी ठेवलं आणि परसात जाऊन काठीला दोरा बांधत बसले. तेवढ्यात पुंजाराम, म्हणजे आमच्या देवळाची दिवाबत्ती करणारा, प्रसाद न्यायला घरी आला. घरात कोणी नाही. देव्हाऱ्यापुढं पातेलं, पातेल्यावर तुळस. कुठल्याही शहाण्या माणसानं जे केलं असतं तेच त्यानं केलं. पातेलं डोक्यावर घेतलं, ‘पुंडलिक वरदे’ म्हटलं आणि देवळात आणून ठेवलं. इकडं हे परसातून आले तर चारा गायब. मी शंभरदा म्हटलेलं, की एक दिवस तुमचा चारा म्हशीपुढं ओतीन. यांना वाटलं, मी मधेच घरी येऊन ओतला. मग यांना स्वैपाकघरात फडकं बांधलेलं पातेलं दिसलं. पुंजारामाचं ‘पुंडलिक वरदे’ परसात कानावर आलं होतं, म्हणजे देवळाचं देवळात गेलं, उरलेलं हे घरचं, असा यांनी हिशोब केला. आणि सासूबाईंच्या सासूपासून चालत आलेला मान बगलेत मारून स्वारी डोहावर गेली.

मला तेव्हा यातलं काही माहीत नाही, हे सगळं मी मागाहून जुळवलंय. मी देवळात खांबाला टेकून बसलेले, समोर झुंबरबाई. कीर्तन रंगलं, दहीहंडी फुटली, नैवेद्य झाला. पहिली चिमूट कीर्तनकार बुवांच्या हातावर. बुवा पैठणकडचे, गावोगावचं खाल्लेले. त्यांनी चिमूट तोंडात टाकली आणि थांबले. डोळे मिटले. मान डोलावली. मग पुन्हा हात पुढं केला. दादा, बुवा दुसऱ्यांदा हात पुढं करतात हे आमच्या गावानं कधी बघितलं नव्हतं. म्हणाले, सप्ताह पुष्कळ केले, ही चव कुठं मिळाली नाही, ही माउली कोण? सगळ्या बायकांनी माझ्याकडं बघितलं. मी पदर सारखा केला, जमिनीकडं बघितलं, अगदी झुंबरबाईसारखं. आणि तेवढ्यात माझ्या तळहातावर प्रसाद आला.

पहिल्या घासाला ओवा. पाठोपाठ बडीशेप. दाताखाली काहीतरी खमंग, कुरकुरीत, आणि सगळ्यात शेवटी, घशाजवळ, शेंगदाण्याची पेंड. माझ्या तोंडात म्हशीची पेंड आणि कानात बुवांची स्तुती! थुंकता येईना, प्रसाद आहे. गिळवेना, चारा आहे. गिळला. दुसरं काय करणार होते? वर बघते तर सगळं गाव द्रोण चाटतंय. आबालवृद्ध. रांग पुन्हा लागली. झुंबरबाईनं तळहात चाटून पुसला आणि मला विचारलं, काय घातलंस गं यंदा? मी म्हटलं, सासूबाईंची रीत. (एवढं खोटं बोलताना जीभ झडली नाही, कारण तिच्यावर अजून पेंड होती.) मंडळी तिथंच उभ्या-उभ्या बसली आणि ठरवलं की मान हलवायचा नाही, उलट चैत्रात हनुमान जयंतीचा प्रसादही विजयमालेनंच करायचा. असाच. ‘असाच’ हा शब्द पुंजारामानं दोनदा उच्चारला.

घरी आले तर चुरम्याचं पातेलं नाही. सांजच्याला हे नदीवरून आले, तोंड हे एवढं. रिकामं पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाले, तुझ्या चुरम्याला एकाही माशानं तोंड लावलं नाही. मी ऐकलं आणि दादा, खरं सांगते, माझ्या काळजात काहीतरी हललं. गावानं माशाचं खाल्लं, ते मी सोसलं. पण माशानं माझं नाकारलं? घरचं तूप होतं हो त्यात! मग यांनी विचारलं, माझा चारा कुठाय? आता खरं सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर उद्या गावभर झालं असतं आणि मान कायमचा गेला असता. मी म्हटलं, म्हशीला घातला. यांनी काठी कोपऱ्याला टेकवली. मग म्हणाले, म्हशीनं आवडीनं खाल्ला का? मी म्हटलं, फार. पुन्हा मागितला.

तेव्हापासून आमच्यात बोलणं कामापुरतं आहे. मला झोप लागत नाही. डोळा मिटला की सासूबाई दिसतात, आणि त्यांच्या मागं एक रोहू तोंड फिरवून उभा असतो. या सगळ्याच्या मुळाशी तुमची काठी आहे. तेव्हा हात जोडून सांगते, महाशिवरात्रीची सुटी असेल तेव्हा कोपरगावच्या एस.टी.नं या, जेवा, आणि जाताना काठी घेऊन जा. वहिनींनी घरात घेतली नाही तर रस्त्यात कुणाला द्या, गाडीत विसरा, काहीही करा. नाही नेलीत तर मी ती चुलीत घालीन, आणि वर तुमच्या नावानं भाकरी भाजीन. मोठ्यांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. गुडघ्याला करंजाचं तेल चोळा, कोमट करून. लहान तोंडी मोठा घास घेतला असला तर पोटात घालावा.

तुमची धाकटी बहीण,
विजयमाला

ता. क. काठी न्यायची घाई करू नका. हनुमान जयंती होऊ द्या. कारण असं की, ‘असाच’ प्रसाद करायचा आहे आणि त्यात काय-काय होतं हे मला ठाऊक नाही. ओवा, बडीशेप, पेंड एवढं ओळखलं. पण ते खमंग काय होतं, ते जिभेला सापडत नाही. यांना मी विचारणार नाही. जीव गेला तरी नाही. तेव्हा तुम्ही यांना वेगळं पत्र घालावं, की दाजी, मीही नगरला तळ्यावर बसायला लागलो आहे, मला तुमच्या चाऱ्याची कृती मापासकट कळवा. कळली की मला गुपचूप धाडा.

ता. क. दुसरा. विचारताना माघातला चारा असं स्पष्ट लिहा. नुसतं चारा लिहिलंत तर हे चैत्रातला सांगतील, आणि हनुमान जयंतीला मी अख्ख्या गावाला फसफसलेली भाकरी वाटीन. हे पाकीट तुमचे दाजीच उद्या कोपरगावला टपालात टाकणार आहेत. घरात खळ नव्हती, म्हणून यांच्याच चाऱ्याच्या गोळ्यानं चिकटवलंय, कशाला तरी उपयोग होऊ दे. वाचायची भीती नाही. दुसऱ्याचं पत्र फोडणं पाप आहे असं ते स्वतःच सांगत असतात.

बन्सीदादा, रामराम. हे खालचं अक्षर माझं, तुमच्या दाजीचं, गहिनीनाथाचं. गोड मानून घ्यावं. पत्र मी फोडलं न्हाई. कोपरगावच्या स्टँडवर पिशवीतनं काढलं तर आपसूक उघडलं. चाऱ्याचा गोळा वल्यातच धरतो, सुकला की सुटतो, हे हिला कुठनं ठाऊक असनार. आन उघडं पत्र न वाचता ठिवनं मला जमलं न्हाई. तुमचा गुडघा कसा हाय?

पुंजाराम दुसऱ्या दिशी माझं पातेलं परत द्यायला आलता. म्या पातेलं वळखलं. तळाला चिकटलेला परसाद बोटानं काढून तोंडात घातला, तवा समजलं म्हस कोन ते. तवापासनं गावात कुनी बी भेटला की मला हसू दाबावं लागतंय. पर एक गोष्ट म्या लबाडीची केली. तिच्या चुरम्याला माशानं तोंड लावलं न्हाई, हे खोटं हाय. पहिली मूठ टाकली आन डोह नुसता खदखदाया लागला. एवढं मासं म्या जन्मात एका जागी बघितलं न्हाईत. गळ टाकायच्या आधीच पातेलं सरलं. पर माझा चारा म्हशीला घातला म्हनून राग आलता, तोंडातनं भलतंच गेलं. आता ती रोज कूस बदलत पडती आन मला बघवत न्हाई.

तुमी माघातल्या चाऱ्याची कृती इचारनार, तर आत्ताच सांगतो. चांगुणाच्या बाळंतपनासाठी हिनं डिंक तुपात तळून, खारीक-खोबरं भाजून कुटून डबा भरून फडताळात वर ठिवलाय. त्यातलं निम्मं म्या काढलं. माझं म्हनाल तर नुसता ओवा, बडीशेप आन पेंड. बुवानं मान डोलावली ती हिच्याच हाताला. पर हे सांगायचं तर डबा उघडाया लागंल, आन आत्ता डबा उघडला तर काठी चुलीत जाईल आन तिच्यामागनं मी. म्हनून इनंती, नगरच्या बाजारातनं डिंक, खारीक आन खोबरं घेऊन शिवरात्रीला यावं. तळायचं-कुटायचं मी बघतो, माझा हात बसलाय आता. डबा भरला की तुमच्या म्होरंच मी तिला सांगतो, की बाई, त्या दिशी गावानं खाल्लं ते बी तुझंच हुतं, आन माशानं खाल्लं ते बी तुझंच.

आपला,
गहिनीनाथ